फ्रँचायझीबद्दल, कॅप्टनला

प्रिय कॅप्टन,

तू फोनवर सुचवलंस ते मी हसण्यावारी नेलेलं नाही. होटगी रोडला मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी घ्यायची, निम्मे पैसे तुझे, निम्मे माझे, आणि पार्क चौकामागचा हा माझ्या खेळसाहित्याच्या दुकानाचा गाळा सोडून द्यायचा. आमच्या ह्यांना तुझा हिशेब लगेच पटला. मला पटत नाही. का पटत नाही ते फोनवर सांगताना मी अडखळले असते, म्हणून पत्र.

आधी मुलींचं सांगते, कारण माझ्या दुकानाचं खरं काम तेच आहे. सोलापूरच्या पूर्व भागातून एखादी आई मुलीला घेऊन येते. आपसात तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत. बूट बघून होतात, भाव ठरतो, आणि निघता निघता आई आवाज खाली आणून विचारते, "ताई, पळताना आत घालायचं काही मिळतं का?" हा प्रश्न ती पुरुषाच्या दुकानात विचारणार नाही. मोबाइलवर मागवलं तर माप चुकतं, आणि परत पाठवायची भानगड नको म्हणून ते कपाटात पडून राहतं. मी पडद्यामागे टेपने माप घेते, घालायला लावते, जागच्या जागी उड्या मारायला सांगते. मुलगी बाहेर येते तेव्हा तिचे खांदे सरळ झालेले असतात. आपण दोन-दोन बनियन घालून, पाठ वाकवून खेळलो गं. आपल्या संघातल्या ज्या मुलींनी दहावीनंतर मैदान सोडलं, त्यांच्या सोडण्यात घरच्यांच्या नकाराइतकाच ह्या अवघडलेपणाचाही वाटा होता, हे मी आज खात्रीने सांगते. फ्रँचायझीत तो पडदा असेल, पण त्यामागे मी नसेन. तिथे पगारावरची मुलं बारकोड मारत असतील.

मग भरतीवाल्या. नेहरूनगरच्या मैदानावर पहाटे बघायला ये एकदा. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. पूर्ण गुण हवे असतील तर मुलाने ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलीने २ मिनिटं ५० सेकंदांत आलं पाहिजे. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, तेव्हा एकेका सेकंदावर गुण जातात. आणि ही पोरं येतात कशात, तर भावाच्या जुन्या बुटात, पुढे कापूस कोंबून. मी त्यांना संध्याकाळी बोलावते, कारण दिवसभराने पाऊल थोडं फुगलेलं असतं आणि धावताना ते तसंच फुगणार असतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. आपल्याकडची पावलं लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेली, पुढून पसरट. अरुंद साच्याचा महागडा बूट त्यांच्या करंगळीला फोड आणतो, आणि रुंद पंजाचा साधा बूट त्याहून चांगला चालतो. हे सांगितल्यावर माझी विक्री हजार रुपयांनी कमी होते. पण तीच मुलगी पुढच्या महिन्यात दोन मैत्रिणी घेऊन येते.

गोळ्याचंही तसंच. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. बाजारात '४ किलो' असं रंगवलेले गोळे वजनाला कमी भरतात. सरावात लांब जातो म्हणून पोरगी खूश, आणि भरतीच्या दिवशी खरा गोळा हातात आला की हात जड. म्हणून गल्ल्याशेजारी मी वजनकाटा ठेवलाय. गोळा कुठूनही घेतलेला असू दे, वजन फुकट करून देते.

आता तू विचारशील, ह्या सगळ्यावर दुकान चालतं कसं? एकटीच्या जोरावर चालत नाही, हे तुला नीट कळावं म्हणून सांगते. शाळांची बिलं मार्चपर्यंत अडकतात. माणसं दुकानात बूट घालून बघतात, आतल्या लेबलाचा फोटो काढतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. ब्रँडच्या बुटात मला सुटतं फार थोडं. दुकान तरतं ते आजूबाजूच्या माणसांमुळे. पी.टी.चे सर तालुका स्पर्धेच्या आधीच कळवतात, कुठल्या मापाचे किती टी-शर्ट लागतील. समोरचे चप्पल शिवणारे काका स्पाइक्सचा, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, सुटलेला तळ असा बसवतात की कंपनीने बसवला नसता. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गोदामात बुटांचा गोंद सुटतो हे तुला माहीत आहे, मग शेजारच्या चादरीवाल्यांनी आपली पक्क्या स्लॅबची खोली मला एप्रिल-मे वापरायला दिली, भाडं घेतलं नाही.

आणि शिवणकाम! सोलापूर शाळेच्या गणवेशांसाठी नावाजलेलं, तरी खेळाचे कपडे आपण बाहेरून आणत होतो. आता पूर्व भागातल्या चार-पाच बायका माझ्यासाठी जर्सी आणि गुडघ्याचे पॅड शिवतात. त्यातल्या दोघी आधी विड्या वळायच्या. खो-खोत सूर मारल्यावर गुडघा कुठे घासतो, हे त्यांच्यातल्या एकीच्या मुलीने जमिनीवर पडून दाखवलं, आणि पॅडचा आकार त्यावरून ठरला. तयार पॅड वाटीवर बसतो, आपल्याला लागतो तो वाटीच्या खाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हापासून ह्या पॅडना मागणी आहे. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आणि दिवाळीनंतर बापच मुलींना बॅट घ्यायला घेऊन येऊ लागले. मुलींचा चेंडू हलका असतो, १४० ते १५१ ग्रॅमचा. तो वेगळा मागवून ठेवावा लागतो, नाहीतर बारा वर्षांची पोर पुरुषांच्या चेंडूने बोटं सुजवून घेते.

एक गोष्ट तुला अजून सांगितली नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या एका शाळेची खेळाची खोली पाण्यात गेली. जाळ्या, चटया, खांब, सगळं चिखलात. तिथले सर माझ्याकडे उधारी मागायला आले आणि मान खाली घालून बसले. मी काही बोलायच्या आत बाकावर बसलेल्या एका भरतीच्या मुलाने स्वतःची जुनी स्पाइक्सची जोडी काढून ठेवली. मग मी दारात पाटी लावली, वापरातलं पण धड असलेलं साहित्य आणून द्या. लोकांनी एवढं आणलं की मला ते मापानुसार लावायला शिवणकामवाल्या बायकांना बोलवावं लागलं. फाटलेल्या जाळ्या त्यांनीच विणून दिल्या. विणकरांच्या घरच्या बायका त्या, गाठ कशी मारायची हे त्यांना कोण शिकवणार?

हे दुकान माझ्या नावावर आहे एवढंच. ते होटगी रोडला न्यायचं तर काका, स्लॅबची खोली, बाकावरची पोरं ह्यांतलं काय सोबत येणार?

आणि ब्रँडवाले त्यांच्या दुकानात दुसऱ्याचा माल ठेवू देत नाहीत. म्हणजे गुडघ्याचे पॅड गेले, गोळे गेले, मुलींचा चेंडू गेला. राहतील फक्त बूट आणि टी-शर्ट.

पण तुझे पैसे मला नकोत असं नाही. उलट एका कामासाठी हवेत. घाऊकवाले बूट सेटने देतात, ६ ते १० नंबरचे, आणि आपल्या शाळेतल्या मुलींचे पाय २, ३, ४ नंबरचे. ते नंबर सुटे मागितले की कोणी लक्ष देत नाही, मोठी ऑर्डर असेल तरच देतात. तेवढी एक ऑर्डर मला लावू दे. माल विकेल तसे पैसे परत करीन, व्याज बँकेच्या दराने, कागदावर लिहून. तू भागीदार म्हणून नाव घालणार असशील तर मला आनंदच आहे, पण गाळा हाच राहील.

शालेय स्पर्धा ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणजे माल जूनअखेर हातात हवा. पुण्यात तुझ्या ओळखीचा जो घाऊक विक्रेता आहे त्याला विचार, २ ते ४ नंबरच्या रुंद पंजाच्या किती जोड्या घेतल्या तर तो सुटे नंबर देईल. त्याने आकडा सांगितला की लगेच कळव.

तुझी,
सोलापूरची मैत्रीण