मागून पहिला

रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, पण या खेपेला आळस नडला नाही. तू जे विचारलंस नेमकं तेच काम इकडे माझ्या गळ्यात पडलं होतं. म्हटलं, आधी निस्तरू आणि मग लिहू.

तुमच्या रनिंग क्लबला वर्ष होतंय, स्वयंसेवकांचा सत्कार करायचाय, "तुमच्याकडे कसा करता?" असं तू विचारलंयस. महिन्यापूर्वी मी एका दमात सांगितलं असतं: हॉल घ्या, स्मृतिचिन्हं करून घ्या, अध्यक्षांना दोन शब्द बोलू द्या आणि ते दोन शब्द अर्ध्या तासात आटपतील एवढं बघा. गेल्या वर्षी आम्ही अगदी हेच केलं होतं. सूत्रसंचालन अर्थातच माझं. एकोणीस जण, एकोणीस एकसारखी स्मृतिचिन्हं आणि प्रत्येकाला तेच वाक्य, "यांचे मोलाचे सहकार्य लाभले." बाराव्या नावापर्यंत टाळ्यांचा जोर ओसरला होता. शेवटच्या तिघांना पुन्हा जोरात मिळाल्या, पण त्या कार्यक्रम संपत आल्याच्या. नंतर खुर्च्या आवरल्या कोणी? सत्कारमूर्तींनीच. मी दारात उभा राहून फोटो कसे आलेत ते बघत होतो, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे तुला म्हणून सांगतो.

यंदा समितीने पुन्हा मलाच पुढे केलं. कोणीतरी सुचवलं की कार्यक्रम 5 डिसेंबरला घ्यावा. तो आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, संयुक्त राष्ट्रांनी 1985 साली ठरवलेला. पण तो रविवारी येत नव्हता, आणि आमच्या क्लबचं सगळं जग रविवारी सकाळीच उगवतं. तो बेत तिथेच बारगळला. मी म्हटलं, तारीख नंतर ठरवू, आधी मला वही द्या.

वही म्हणजे आमची ड्यूटीची वही. कुठल्या वळणावर कोण, स्टॉपवॉच कोणाकडे, पाण्याचं टेबल कोणाकडे, शेपटाला कोण. ('शेपूट' म्हणजे सगळ्यात शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे चालत येणारा. मला 'पाठराखा' जास्त आवडतं, पण माझं कोण ऐकतो.) एक अख्खी संध्याकाळ ती चाळली. वर्षभर सहकार्य 'लाभत' होतं म्हणजे नक्की काय होत होतं, ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. एक माणूस सलग अकरा रविवार त्याच वळणावर उभा होता. पावसाळ्यातल्या पानांवर शाई पसरलेली, म्हणजे वही भिजेपर्यंत कोणीतरी ती हातात धरून उभं होतं. आणि काही जणांची नावं वहीत नव्हतीच, कारण त्यांचं काम रविवारी नसतंच.

तुला बुशी पार्कची गोष्ट ठाऊक असेल. लंडनच्या त्या बागेत 2 ऑक्टोबर 2004 ला पहिली शनिवारची पाच किलोमीटरची धाव झाली, ज्याचं पुढे जगभर 'पार्करन' झालं. त्या दिवशी धावणारे 13 आणि स्वयंसेवक 5. म्हणजे अडीच-तीन धावणाऱ्यांमागे एक राबणारा. सुरू करणारा पॉल सिंटन-ह्युइट स्वतः तेव्हा दुखापतीने जायबंदी होता. धावता येत नाही, तर निदान धावणाऱ्यांच्यात राहू, एवढाच त्याचा हेतू. सुरुवातीला तर फिनिशला क्रमांकाचं टोकन म्हणून आकडे ठोकलेले लोखंडी वॉशर हातात ठेवायचे. आमच्या वहीतल्या जुन्या नावांची चौकशी केली तर निम्म्यांची कथा हीच निघाली. कोणाचा गुडघा, कोणाची टाच. "बरं होईपर्यंत शिट्टी धरतो" म्हणून आले, बरे झाले आणि शिट्टी हातातच राहिली.

वहीत नसलेल्यांपैकी एकाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडेही असा एक असणार आणि तुलाही तो माहीत नसणार. आमची पाच किलोमीटरची वाट कोणी मोजली? मला वाटायचं, कोणीतरी मनगटावरच्या जीपीएस घड्याळाने. घड्याळं कधी 5.04 किलोमीटर दाखवतात, कधी 5.09, आणि त्यावरून मी वर्षभर कुरकुरत होतो की वाट लांब आहे, माझं टायमिंग फुकट जातं. तर ती मोजली एका अबोल गृहस्थाने, सायकलवर, उजाडायच्या आधी. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं एक छोटं यंत्र बसवतात. 1971 पासून रस्त्यावरच्या शर्यती त्यानेच मोजल्या जातात. चाकाच्या एका फेऱ्यात वीसेक आकडे सरकतात, म्हणजे एक आकडा साधारण दहा सेंटिमीटरचा. पण आधी त्या चाकाची परीक्षा घ्यावी लागते. स्टीलच्या टेपने सरळ रस्त्यावर तीनशे मीटर आखायचे, त्यावरून चार वेळा सायकल न्यायची, आकडे लिहायचे. मग पूर्ण वाट, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर राखून, म्हणजे धावणारा जवळात जवळची जी रेघ पकडेल तीच धरून. आणि शेवटी पुन्हा त्या तीनशे मीटरवर चार फेऱ्या, कारण तोवर ऊन येतं, टायरमधली हवा फुगते आणि तेच अंतर कमी आकड्यांत कापलं जातं.

एवढं करून तो हजारी एक मीटर वर घालतो. वाट चुकूनही तोकडी भरू नये म्हणून मोजणीचा तसा नियमच आहे. म्हणजे आमचे पाच किलोमीटर हे खरे 5,005 मीटर. घड्याळातलं बाकी सगळं घड्याळाचं आणि माझ्या वळणं रुंद घेण्याचं. वाट लांब आहे म्हणून मी वर्षभर ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, तो सायकल पुसत शांतपणे ऐकून घेत होता. त्याच्या मानपत्रावर मी 'मोलाचे सहकार्य' लिहिलं नाही. मोठ्या अक्षरांत '5,005 मीटर' एवढंच. तो वाचून हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

दुसऱ्या आमच्या ताई. त्या एका दृष्टिहीन धावपटूच्या गाइड म्हणून पळतात, दोघांच्या हातात एकाच दोराची दोन टोकं. निकालात त्याचं टायमिंग येतं, ताईंचं नाव येत नाही, कारण त्यांच्या छातीवर बिब, म्हणजे धावपटूच्या नंबराचा कागद, नसतो. दोन वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही. तुला 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकची मॅरेथॉन आठवते? स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती. रेषा दोन-चार पावलांवर आणि गाइडच्या पायात गोळा आला. त्याला सावरायला तिने क्षणभर दोर सोडला. नियमाने ती बाद, त्या दिवशी कांस्यपदक गेलं. हे मी ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमचं ठरलंय. मी पडले तरी त्याने दोर सोडायचा नाही. आणि रेषा आधी त्याने ओलांडायची, मी मागून." त्यांना स्मृतिचिन्ह नको होतं. आम्ही निकालाच्या तक्त्यात 'सोबत' नावाचा एक रकाना वाढवला आणि मागचे सगळे रविवार उकरून त्यात त्यांचं नाव भरलं. माझे चार दिवस गेले. पण यंदाच्या सगळ्या खटाटोपात मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम हेच.

स्मृतिचिन्हांचे वाचलेले पैसे पाण्याच्या टेबलवाल्या मावशींच्या सांगण्यावरून प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला लावले. एखाद्याचं हृदय बंद पडलं तर मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती पाच सेंटिमीटर तरी दबली पाहिजे. करून बघ, दोन मिनिटांत घाम निघतो. आमचा टायमिंगवाला सोडून सगळ्यांची लय चुकली.

आता खरी गोष्ट. सत्काराचं ठरवताना मी एकेकाला विचारत गेलो, तुम्हाला काय आवडेल? बहुतेकांचं "काही नको" असं ठरलेलं उत्तर आलं. शेपटाचे काका मात्र थोडं थांबून म्हणाले, "एकदा बिब लावून पळायला आवडेल. या वाटेवर मी कधी पळालेलोच नाही." पाच वर्षं ते या वाटेवर आहेत, मित्रा. सगळा कार्यक्रम त्या एका वाक्यावर फिरला. हॉल रद्द. एका रविवारी सगळे स्वयंसेवक धावणार, त्यांची कामं आम्ही करणार, आणि धावणारा वळणावरून जाताना त्याने काय काय केलंय ते तिथल्या माणसाने ओरडून सांगायचं. भाषणापुरता श्वास कोणाकडेच नसतो, हा मोठा फायदा.

काकांची जागा मी घेतली. मला वाटलं, चालायचंच तर आहे.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी एक नवीन बाई होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच पाच किलोमीटर करणाऱ्या. किलोमीटरला अकरा मिनिटांची चाल. एवढं हळू चालणं हे पळण्यापेक्षा अवघड आहे, हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पाय आपोआप पुढे जातात. बरोबरीने चाललो तर त्या ओशाळून वेग वाढवतात आणि धापा टाकतात. फार मागे राहिलो तर वळून वळून बघतात. मग मी धीर द्यायला लागलो, "मस्त चाललंय, आता थोडंच राहिलं." तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही प्लीज काही बोलू नका. आणि माझ्या बुटांकडे बघू नका."

मी गप्प. पण हात रिकामे राहीनात, म्हणून येता येता वाटेतले प्लास्टिकचे कोन उचलून एकावर एक ठेवायला लागलो. टक्. पुढचा कोन, टक्. तिसऱ्या 'टक्'ला त्यांची मान खाली गेली. मागे वळल्या नाहीत, पण खांदे पडले ते मला पाठीमागून दिसलं. त्या आवाजाचा अर्थ एकच होता: दुकान बंद करतोय, तुमच्यामुळे थांबलोय.

कोन तिथेच ठेवून दिले. पुढचे दोन किलोमीटर आम्ही दोघं एकही शब्द न बोलता चाललो. त्या पोचल्या. सगळे थांबले होते, टाळ्या वाजल्या, टोकन मिळालं. मी मात्र त्या गर्दीतून बाजूला झालो.

काका तिथेच होते, बिब अजून छातीवर, चेहरा लाल. चांगलं धावले, माझ्यापेक्षा चांगलं, पण ते जाऊ दे. त्यांनी मला एकच विचारलं, "कोन चालता चालता उचललेस?" मी मान हलवली. "होतं तसं पहिल्यांदा," म्हणाले. मग निघाले कोन आणायला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काका कधीच येताना कोन उचलत नाहीत. शेवटचा माणूस पोचला, त्याचं कौतुक झालं, तो पाणी पिऊन घरी गेला, की मग सगळी वाट पुन्हा चालत जाऊन उचलतात. दर रविवारी एकूण दहा किलोमीटर, आणि त्यातले परतीचे पाच, जिथे वाट संपते तिथून सुरुवातीपर्यंत, एकटे. वहीत त्यांच्या नावापुढे फक्त 'शेपूट' लिहिलेलं असतं.

मी त्यांच्याबरोबर गेलो. पाच किलोमीटर कोन उचलत, गप्पा मारत. त्यांनी मला बरंच शिकवलं: शेवटच्याच्या मागे दहा-बारा पावलं राहायचं, आणि एका बाजूला, म्हणजे त्याला आपली सावली दिसत नाही. तो थांबला तर आपण बुटाची लेस बांधायला बसायचं. त्याने बोलायला सुरुवात केली तरच बोलायचं. अर्ध्या वाटेवर मी त्यांना विचारलं, पळताना कसं वाटलं? म्हणाले, "छान. पण पुढे काय चाललंय त्यातच लक्ष होतं. मागे कोण आहे ते कळत नव्हतं, त्याने जरा चुकल्यासारखं झालं."

तुला काय सल्ला देऊ? हॉल घ्यायचाच असेल तर घे, पण खुर्च्या आवरायला दुसरी माणसं ठेव. तासांवरून नंबर लावू नका, त्यावरून आमच्याकडे एकदा दोघांचं बोलणं बंद झालं होतं. ज्याला व्यासपीठावर यायचं नाही त्याला ओढू नका. आणि तुमची वही मला पाठव, निदान फोटो काढून. तुझं स्वतःचं नाव त्यात किती वेळा आहे ते बघायचंय.

वहिनींना नमस्कार सांग, पोरांना पापा. पुढच्या रविवारी शेपटाला मीच आहे, काकांनीच नाव लिहिलंय, पेन्सिलीने. म्हणजे अजून पक्कं नाही.

तुझाच,
कायम मागून तिसरा