डाग आमच्या पाण्याचे नाहीत, तुमच्या स्टीलचेच आहेत

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: चमचे-काट्यांच्या सेटला गंज, आणि तुम्ही पाठवलेलं उत्तर

नमस्कार साहेब / मॅडम,

तुमचा चमचे, काटे, सुऱ्यांचा सेट ऑनलाइन मागवला, बॉक्सवर ठळक अक्षरात १८/८ स्टेनलेस स्टील असं छापलंय, आणि थोड्याच दिवसात काट्यांच्या दातांमधल्या फटीत तपकिरी ठिपके दिसायला लागले. फोटो पाठवले तर तुमचं उत्तर काय, तर तुमच्या भागातलं पाणी आणि जेवणातलं मीठ यामुळं डाग पडले असतील, ब्लीचच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि तारेच्या घासणीनं घासा. वाचून डोकंच फिरलं ओ.

आधी हे सांगते की डाग काढायचं आम्हाला कळत नाही असं समजू नका. पांढरट डाग पाण्यातल्या क्षाराचे असतात, ते गरम पाण्यात व्हिनेगर टाकून थोडा वेळ ठेवलं की निघतात, नाहीतर लिंबाची फोड चोळायची आणि लगेच धुऊन पुसायचं. निळे-जांभळे तेलकट रंग येतात ते उष्णतेनं, त्यालाही व्हिनेगरच. चहाच्या चमच्यावरचा काळपटपणा खायच्या सोड्याची पेस्ट करून मऊ फडक्यानं पुसला की गेला. हे सगळं तुमच्या सेटवर करून झालं, आणि ते डाग गेलेही. राहिले ते तपकिरी ठिपके, त्यावरून नख फिरवलं तर नख अडकतंय, म्हणजे तिथं बारीक खड्डा पडलाय. खड्डा कुठल्या लिंबानं भरून निघतो ते सांगा.

आता तुमच्या ब्लीचबद्दल. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळं, हवेतल्या ऑक्सिजननं त्यावर एक पातळ थर धरतो आणि तोच आतलं लोखंड सांभाळतो. ब्लीचमधलं क्लोरीन हाच थर खातं, तासन् तास भिजवायचं तर नावच नको. वर तारेची घासणी लोखंडी असली तर तिचे कण चमच्यावर चिकटून तेच गंजतात. म्हणजे गंज घालवायचा उपाय म्हणून तुम्ही गंज आणायचा उपाय सांगताय! हे उत्तर किती गिऱ्हाइकांना गेलं असेल देव जाणे.

मिठाचं म्हणाल तर ते वाईट असतं हे मान्य, खारट चमचा रात्रभर सिंकमध्ये ठेवू नये हेही मान्य आणि आम्ही ठेवत पण नाही. पण त्याच ड्रॉवरमध्ये आमच्या सासूबाईंच्या लग्नातले नाव घातलेले चमचे आहेत, तेच पाणी, तोच तांबडा रस्सा, तीच कांदा-लसूण चटणी, त्यावर एक ठिपका नाही. कोल्हापूरचं पाणी फक्त तुमच्याच काट्यांना बाधतं की काय?

शेजारचे काका उद्यमनगरात वर्कशॉपला आहेत, त्यांनी बघताक्षणी चुंबक लावायला सांगितलं. १८/८ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, निकेल असलं की स्टील चुंबकाला सहसा धरत नाही, फार तर प्रेस करताना वाकवलेल्या जागी जरासं ओढतं. तुमचा काटा टोकापासून दांड्यापर्यंत फ्रिजवरच्या साध्या चुंबकाला खटकन चिकटतो, चमच्याचंही तेच. सुरी चिकटते त्याबद्दल माझी तक्रार नाही, धार टिकायला सुरीचं स्टील वेगळं वापरतात. पण चमचा-काट्याचं काय? ४३० नावाचं स्टील येतं, त्यात निकेल नसल्यासारखंच असतं, म्हणून स्वस्त पडतं. तेच वापरायचं होतं तर बॉक्सवर तसं छापायचं, आम्ही किंमत बघून ठरवलं असतं. पैसे १८/८ चे घेतलेत.

तर आता मला पूर्ण पैसे परत पाहिजेत, सेट तुमच्या खर्चानं घेऊन जा. बदली सेट नको, तो पण त्याच मालातला येणार. माझ्या सेटच्या स्टीलचा टेस्ट रिपोर्ट लेखी पाठवा, आणि ते ब्लीचचं उत्तर कस्टमर केअरमधून काढून टाका. बिल, बॉक्सचा फोटो आणि चुंबक लावलेला व्हिडिओ सोबत जोडलाय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार, आणि तिथंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. आणि हो, परत ते तयार छापाचं उत्तर पाठवू नका, माणसानं वाचून लिहिलेलं पाठवा.

आपली,
एक वैतागलेली ग्राहक
कोल्हापूर