काळा पडदा आणि केबलवाल्याला फोन

संपादक महोदय,

गुन्हेगारी मालिकेचा शेवट उलगडला नाही की 'फसवलं' म्हणून मोकळं व्हायची रीत पडली आहे. पण अधांतरी सोडलेले सगळेच शेवट एका जातीचे नसतात.

'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेचा शेवटचा, म्हणजे ८६वा भाग १० जून २००७ रोजी एचबीओवर दाखवला गेला. टोळीचा म्होरक्या टोनी न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात घरच्यांची वाट बघत बसलाय. दाराला घंटी आहे. घंटी वाजते, टोनी मान वर करतो, पुढच्या शॉटमध्ये आत येणारा माणूस त्याच्या नजरेतून दिसतो. हा क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि बघणाऱ्याला नकळत त्याची सवय लागते. मध्येच जॅकेटवाला एक अनोळखी माणूस टॉयलेटकडे जातो. बाहेर मुलगी गाडी लावताना चुकते, परत मागे घेते. नुसतं पार्किंग, पण जीव टांगणीला लागतो. मग घंटी, टोनीची वर गेलेली मान, आणि तिसऱ्या शॉटच्या जागी काळा पडदा. साधारण दहा सेकंद चिडीचूप. पुढची नामावलीसुद्धा मुकी.

केबल गेली असं हजारोंना वाटलं, त्याचं कारण संकलनात आहे. एरवी शेवटी चित्र हळूहळू अंधारतं, संगीत त्याहून थोडं लांबतं. इथे चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर तोडलेत, उपाहारगृहात वाजणारं गाणं ओळीच्या मध्येच. सिग्नल जातो तेव्हा नेमकं असंच होतं. गाणं आणखी दोन सेकंद चालू ठेवलं असतं तर कुणी केबलला दोष दिला नसता, पण मुद्दाच गेला असता: तिसरा शॉट टोनीच्या नजरेचा, म्हणून काळोख त्याचा आणि शांतताही त्याचीच. गोळी लागते तेव्हा बहुधा ऐकूही येत नसेल, असं बोलणं मालिकेच्या अखेरच्या नऊ भागांतल्या पहिल्यातच होतं आणि शेवटून दुसऱ्या भागात पुन्हा ऐकवलं जातं. दिग्दर्शक डेव्हिड चेस यांनी त्या वेळी खुलासा द्यायचं टाळलं. तो द्यायला हवा होता असं आम्हाला वाटत नाही.

'द किलिंग' या मालिकेचं मात्र वेगळं. एएमसी वाहिनीने २०११ साली 'रोझी लार्सनचा खून कुणी केला?' हाच प्रश्न जाहिरातीत मिरवला, १३ भाग लोकांना बसवून ठेवलं आणि पहिला सीझन उत्तराशिवाय संपवला. ते मिळालं पुढच्या वर्षी, दुसऱ्या सीझनच्या अखेरीस. तिथे प्रेक्षक चिडले ते रास्तच. गिऱ्हाईक ज्यासाठी आत आलं तोच माल दुकानात नव्हता! परीक्षणात तारे कापताना एवढा भेद तरी करावा.

आता ओटीटीवर नवीच पंचाईत. काळ्या पडद्यावर नामावली सुरू होते न होते तोच ती कोपऱ्यात आक्रसते आणि भलत्याच मालिकेची झलक वाजू लागते. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' लिहिलेल्या दोन्ही खुणा काढता येतात: एक पुढच्या भागाची, दुसरी झलकांची. मालिका सुरू करण्याआधीच काढाव्यात. शेवटच्या भागात रिमोट शोधेपर्यंत ते दहा सेकंद निघून जातात.

— दोन चित्रपट संकलक, मुंबई