स्वयंसेवकांना बेफिकीर ठरवू नका

'लस टोचली की संयम सुटतो' हा एचआयव्ही लशीच्या चाचण्यांवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. चाचणीतली लस घेतली की स्वयंसेवक निर्धास्त होऊन निरोध सोडतात, ही त्यातील भीती निराधार नाही, पण त्यासाठी स्वयंसेवकांवर ठेवलेला बेफिकिरीचा ठपका मला मान्य नाही.

दक्षिण आफ्रिकेतील मोठी चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली. तोवर लस घेतलेल्या गटात १२९ जणांना आणि तुलनेसाठी बनावट (औषध नसलेले) इंजेक्शन घेतलेल्यांत १२३ जणांना लागण झाली होती. म्हणजे लशीने बचाव झालाच नाही; तिच्यावर विसंबून निरोध सोडणाऱ्याचे काय होते, हे उघड आहे. मात्र अशा बहुतेक चाचण्यांत जोखमीचे वर्तन वाढलेले दिसले नाही, कारण दर भेटीला समुपदेशन होते आणि निरोध मोफत मिळतात.

निपाणीजवळ महामार्गालगत मी समुपदेशनाचे काम करते. एका ट्रकचालकाने मला विचारले होते, "ताई, लस आली की मग निरोध नको ना?" तो बेफिकीर नव्हता, त्याला कुणी नीट सांगितलेच नव्हते. घरी मराठी, कामावर कन्नड आणि हातात इंग्रजी माहितीपत्रक, अशी आपल्या सीमाभागातली गत. (मराठीत आपण चाचणीच्या इंजेक्शनलाही सरळ 'लस' म्हणतो, तिथूनच गैरसमज सुरू होतो.)

उद्या बेळगाव परिसरात अशी चाचणी झालीच, तर संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये हवे. 'हे औषध तुम्हाला वाचवेलच असे नाही, कदाचित ते औषधही नसेल' हे वाक्य त्यात पहिल्याच ओळीत असावे आणि सही घेण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावे.

– एक समुपदेशिका, निपाणी