आप्पा, पेपर वाचायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय आप्पा,
सा. न.

डी.एड. करत असताना शहाद्याच्या वाचनालयात मी यायचो ते नोकरीच्या जाहिराती बघायला. पेपरांची चळत लावता लावता तुम्ही माझ्याशी बोलत गेलात आणि माझं वाचनच बदललं. त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

शिक्षणाच्या पानावर असतात निकाल, प्रवेशाचं वेळापत्रक, सत्काराचे फोटो. शाळेची खरी बातमी जिल्ह्याच्या पानावर, खाली कोपऱ्यात असते. दिवाळीच्या सुमाराच्या एका अंकात चार ओळी होत्या : धडगाव, अक्कलकुव्यातून ऊसतोडीला मजूर निघाले. मी पान उलटणार, तोच तुम्ही त्यावर बोट ठेवून विचारलंत, "यामा पोरे कोठे शेतस?" (यात पोरं कुठे आहेत?)

त्या प्रश्नामागोमाग किती काय निघालं! उसाचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचं जवळजवळ सगळं दुसरं सत्र गेलं. कितीतरी टोळ्या गुजरातेत जातात. पोराच्या घरातली बोली पावरी नाहीतर भिली, पुस्तक मराठी, आणि फडाजवळ शाळा असलीच तर ती गुजराती. परत आल्यावर त्यालाच म्हणायचं, हा अभ्यासात कच्चा आहे.

आज मी सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवतो. दसरा झाला की आम्ही पाड्यापाड्यावर जाऊन कोण निघणार त्याची यादी करतो, हंगामी वसतिगृहासाठी आईबापांना गळ घालतो, जे जाणारच त्यांच्या हाती, तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून, शिक्षण हमी कार्ड देतो. आजी-आजोबांजवळ मागे राहिलेलं पोर शाळेत टिकतं, हे मी डोळ्यांनी पाहतोय. एसटीची फेरी बंद झाल्याची बातमीही आता तशीच वाचतो, कारण गाडी बंद झाली की आधी मुलींचं हायस्कूल सुटतं.

भाषेचंही तेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पहिल्या पानावर झळकला, मनापासून आनंद झाला. पण २०११ च्या जनगणनेत १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा खानदेशी नोंदली गेली, हे मला तुम्ही जपलेल्या कात्रणात सापडलं. आपली अहिराणी त्यातच मोजली जाते. पोरगं वर्गात अहिराणी बोललं की "नीट बोल" म्हणणाऱ्यांना मी तो आकडा ऐकवतो. २०२० चं शैक्षणिक धोरण तर सांगतं की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. मग पहिलीतल्या लेकराला गप्प का करायचं?

आता २०२७ च्या जनगणनेच्या बातम्या येतील. मातृभाषेच्या नोंदीबद्दल जे जे छापून येईल ते माझ्यासाठी कापून ठेवा, आप्पा. दिवाळीच्या सुट्टीत न्यायला येतो. येताना आमच्या पोरांनी पावरीत सांगितलेल्या आणि आम्ही लिहून घेतलेल्या गोष्टींची वही आणतो, ती वाचनालयात ठेवाल ना?

तुमचा,
एक शिक्षक