पूर्वकथा कुणासमोर उघडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या कथा मी नेमाने वाचते. अलीकडे कथा सुरू होते ती नायकाचा जन्म, गाव, वडिलांची नोकरी, शिक्षण यांनीच. पूर्वकथा हवीच, पण बायोडेटासारखी आधीच हातात ठेवली की तिची ताकद जाते.

महाभारतात कर्णाच्या जन्माची गोष्ट आदिपर्वातच कळते, तरी ती संपत नाही. शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, कृपाचार्य त्याचं कुळ विचारतात आणि त्याची मान खाली जाते. तिकडे कुंती मूर्च्छित पडते. विदुर चंदनाचं पाणी शिंपडवून तिला शुद्धीवर आणतो. का पडली, हे आपल्याला ठाऊक असतं. पांडवांना पत्ताही नसतो. उद्योगपर्वात कृष्ण हा विषय काढतो, तर कर्ण विनवतो की युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस. मग कुंती गंगेकाठी येते. कर्णाचा जप चाललेला असतो. ऊन सोसेना म्हणून ती त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. जन्मताच पाण्यात सोडलेल्या लेकाच्या सावलीत! आणि युद्ध सरल्यावर, मेलेल्यांना तिलांजली देताना, ती पांडवांना सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. बातमी एकच, पण दर वेळी ती वेगळ्या माणसाच्या काळजाला भिडते.

आमच्या वाचनालयात दर महिन्याला आम्ही आपापल्या गोष्टी वाचतो. एका ताईंच्या कथेची पहिली दोन पानं सासूच्या बालपणाची आणि १९७२च्या दुष्काळाची होती. ती काढा म्हटल्यावर त्या हिरमुसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी नवा खर्डा वाचला. सासू जेवणानंतर ताटाबाहेर सांडलेली शितं बोटाने टिपून खाते. सून वैतागते. सासू म्हणते, "खडी फोडायला जायचो तेव्हा सुकडी मिळायची. सांडली तर माती झटकून खायचो." बस, एवढंच. ऐकणाऱ्या आम्ही सगळ्या गप्प झालो. मात्र ती दोन पानं आधी लिहिली नसती, तर ताईंना ही शितं दिसलीच नसती.

म्हणून विनंती आहे. नवोदितांची कथा परत पाठवताना नुसतं 'साभार परत' लिहू नये. पूर्वकथा कुठे आणि कुणासमोर उघडली तर बरं, एवढी एक ओळ समासात लिहावी.

आपली,
एक वाचक, सातारा