लडाखला निघालेली गाडी आधी काट्यावर आणा

मा. संपादक यांस,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी घरासारखी सजवून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या तरुणांवर पानभर मजकूर आला होता. फोटो झकास होते. टपावर तंबू, मागच्या दारात ओटा, त्यावर उकळता चहा, पाठीमागं बर्फाचे डोंगर. तंबू केवढ्याला, फ्रिज केवढ्याला, दिवे कुठले, सगळं होतं. कशाचं वजन किती, हे मात्र एका ओळीतही नव्हतं. माझा धंदाच वजनाचा असल्यामुळं ते खटकलं, म्हणून हे पत्र.

हैदराबाद रस्त्याला, मार्केट यार्डापासून जवळच, माझा वजनकाटा आहे. बावीस वर्षं चालवतोय. कांद्याच्या दिवसांत रात्री दोनलाही रांग असते, एरवी भंगार, सरकी पेंड, सिमेंट. भरगाडी आणि मोकळी गाडी, एवढंच बघत आलो. सहाचाकी ट्रकवाल्याला झोपेतून उठवून विचारा, त्याची मर्यादा २०१८ साली १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली हे तो डोळे न उघडता सांगेल. वीस लाखांची फोर बाय फोर घेतलेल्याला विचारा, भरून किती किलोची परवानगी आहे, तर तो मायलेज सांगतो.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत तो अशीच सजवलेली गाडी घेऊन आला. जूनमध्ये तिघा मित्रांबरोबर लडाखला जायचं ठरलेलं. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. उगाच जाहिरात नको आणि बदनामीही नको, कारण चूक गाडीची नव्हतीच. संध्याकाळची वेळ होती. गाडी फाटकातून आत आली आणि दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर पडला. बुड बसलं की गाडी आभाळ बघते, हे मी रोज बघतो.

मी म्हटलं, "काट्यावर घे."

"एवढं काय नसतंय काका. सस्पेन्शन बदललंय मी."

"बदललं असशील. घे तरी."

आधी पुढची दोनच चाकं काट्यावर घेतली आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघितली. १०४०. मग पूर्ण गाडी. २२८०. म्हणजे मागच्या चाकांवर १२४०. माझा काटा दहाच्या पटीत दाखवतो, आणि असं अर्ध्या गाडीचं वजन थोडं इकडंतिकडं होतं, पण अंदाजाला पुरतं. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच होतं. ते पहिल्यांदा मी फाडलं. मोकळी गाडी १७६० किलो, माणसं-सामानासकट जास्तीत जास्त २२५०. काट्यावर २२८० होते, आणि गाडीत एकही माणूस बसलेला नव्हता. चौघांचे २८० धरा. २५६०. तीनशे दहा किलो जास्ती, म्हणजे पन्नास किलोच्या कांद्याच्या सहा गोण्या आणि वर थोडं.

पुतण्या आकड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचा काटा बरोबर हाय नव्हं?" मी वैधमापन खात्याचं प्रमाणपत्र भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिलं.

ऑफिसात गोण्या तोलायचा छोटा काटा आहे. त्यावर एकेक वस्तू ठेवत गेलो आणि पावतीच्या पाठीवर लिहीत गेलो. टपावरचा घडीचा तंबू ६५. तो उतरवायला दोन हमाल बोलवावे लागले, तिथंच मी काय ते समजलो. तंबूखालचं लोखंडी रॅक ४०. पुढचा लोखंडी बंपर आणि त्यातली विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोर गुंडाळून ओढून काढायचं यंत्र, सुटी होईना, बिलावरून दोन्ही मिळून ९५. विंचला बांधायला झाड लागतं. आमच्या माळरानावर झाड शोधत दोन किलोमीटर जावं लागेल, आणि लडाखमध्ये तर त्याहून लांब.

मागचा खणांचा कप्पा ८० भरला. १८ मिलीचा प्लायवुड. आठ बाय चारची अशी अख्खी शीट ३५ किलोच्या आसपास असते, इथं दोन लागलेल्या. वर किचनच्या ट्रॉलीला असतात तसले स्टीलचे चॅनेल. ज्या सुतारानं घरचा ओटा केला त्यानंच हे केलेलं, त्यामुळं कप्पा भिंतीला टेकून तीस वर्षं उभा राहील असा. सुताराचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे हलणार आहे.

बॅटरी तर बघण्यासारखी होती. फ्लॅटमध्ये आता वीज जात नाही म्हणून पडून राहिलेली इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे शिसं आणि ॲसिडची, बॅटरी पठ्ठ्यानं सीटमागं बसवलेली. १५० ॲम्पिअर-अवर, ५७ किलो. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणजे १५० मधले ७५च आपले. १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोची येते आणि तिच्यातले ८०-९० बिनधास्त वापरता येतात. ४० लिटरच्या फ्रिजला दिवसाला साधारण ४० लागतात, तेव्हा हिशेब सरळ आहे. पैसे जास्त पडतात हे खरं. पण ट्युब्युलरमधलं ॲसिड खड्ड्यात डचमळतं आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, तोही माणसं झोपणार तिथं.

पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो, त्याला काटा लागत नाही. दुष्काळी जिल्ह्यातला माणूस पाणी भरून घेतोच, त्याला मी नावं ठेवणार नाही. फ्रिज रिकामा २०. डिझेलचे दोन कॅन भरून ४०, आणि तेही टपावर, आमच्या उन्हात. राहिलेले ६०-६५ किलो म्हणजे जॅक, फावडं, साखळी, खुर्च्या, टेबल, शेगडी आणि एक तवा. बिडाचा.

मर्यादेपेक्षा तीनशे किलो जास्त झाले म्हणून गाडी जागेवर मोडत नाही, हीच अडचण आहे. ती चालते. दुसऱ्या दिवशी त्याला पटावं म्हणून सगळं परत चढवून आम्ही तुळजापूरला देवीला गेलो. दर्शन झालं. घाट उतरताना तिसऱ्या वळणाला वास आला. मी काही बोललो नाही, पुतण्याही बोलला नाही. मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कुठं तरी काय तर जळतंय बघा." खाली सपाटीला थांबलो तर पुढच्या चाकांजवळ हात धरवेना.

स्प्रिंगा जाड टाकल्या की मर्यादा वाढते, असं या पोरांना कुणीतरी सांगितलंय. पूर्वी ट्रकवालेही एक पाटा जादा टाकायचे. बुड उचललं जातं, दिवे खाली येतात, बघणाऱ्याला गाडी ठीक दिसते. पण ब्रेक तेच, ॲक्सल तेच, चॅसी तीच. टायरचंही तसंच. त्याच्या अंगावर, मापाच्या पुढं, वजन पेलायचा क्रमांक असतो. १०४ असेल तर एक टायर ९०० किलो पेलतो, ११२ असेल तर ११२०, आणि तेही हवा पुरती असेल तर. टपाची मर्यादा पुस्तकात वेगळी दिलेली असते, अनेक गाड्यांना ती शंभर किलोच्या आतच असते. उभ्या गाडीच्या टपावर दोघं झोपले तरी निभतं. याच्या डोक्यावर तंबू, रॅक आणि डिझेल मिळून १४५ किलो होते आणि ते वळणावर गाडीला बाहेर ओढत होते.

कायद्याचंही थोडं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलाला दर बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. बंपरपुढच्या लोखंडी कठड्यावर, ज्याला बुलबार म्हणतात, कारवाई करा असं केंद्रानं राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय. पुरवणीतल्या पाच फोटोंपैकी तीन गाड्यांना ते होते.

वायरिंगचं वजन काट्यावर दिसत नाही, पण लिहायलाच हवं. दिवे, पंप, फ्रिज असं सगळं दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात बसवलेलं. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जाड वायर सीटच्या रुळाखालून नेलेली आणि फ्यूज होता तो पार दुसऱ्या टोकाला, फ्रिजपाशी. सीट मागंपुढं करून करून वायरचं रबर सोललेलं, आतलं तांबं चमकत होतं. ते रुळाला टेकलं असतं तर फ्यूजला पत्ताही लागला नसता, कारण सगळा करंट त्याच्या अलीकडंच जळला असता. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लागतो. आमच्या इथला ट्रक-वायरिंगवाला, सातवी शिकलेला, बघताक्षणी "हे कुणी केलं?" म्हणाला आणि दोन तासांत सगळं पाईपमधून नेऊन दिलं.

आता माझी स्वतःची फजिती, नाही तर नुसताच उपदेश होईल. माझ्याकडं जुनी फोर बाय फोर जीप होती. ऑगस्टमध्ये नान्नजच्या पुढं मेहुण्याच्या शेतात गेलो, चार पोती खत मागं टाकून. काळी माती भिजली की तिथं फोर बाय फोरचा काही उपयोग नाही. मड टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत होतो, मग चिखल मडगार्डात साठत जातो आणि चाक फिरायचंच थांबतं. वाळूत हवा कमी केली की गाडी तरंगते. आमच्या मातीत हवा कमी करा नाही तर जास्त, वजन असेल तर गाडी खालीच जाते. ट्रॅक्टर आणला, साखळी बंपरला लावली, हिसका दिला. साखळी तुटली आणि ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा चुरा करून गेली. त्या दिव्याच्या जागी मेहुणा दोन मिनिटांपूर्वी उभा होता. ओढायचं तर चॅसीला बसवलेल्या, त्याच कामासाठी असलेल्या हुकाला लावून, मधे दोरावर ओलं गोणपाट टाकून आणि माणसं लांब ठेवून. ट्रेलर जोडायचा गोळा असतो मागं, त्याला तर कधीच नाही. त्या दिवशी शेवटी खताची पोती उतरवली, ऊन पडायची वाट बघितली आणि चार तासांनी जीप स्वतःच्या पायांनी बाहेर आली.

पुतण्यानं पुढं काय केलं ते सांगतो. टपावरचा तंबू आणि रॅक पुण्यात कुणाला तरी विकलं. मूळ बंपर परत लावला. कप्प्याच्या जागी झाकणाचे प्लास्टिकचे डबे, पट्ट्यांनी जमिनीला बांधलेले. जमिनीवरचे दोन तंबू, मिळून दहा किलोच्या आत. लिथियमची बॅटरी. पाण्याचा एक वीस लिटरचा कॅन, डिझेलचाही एकच आणि तो टपावर नाही. बिडाचा तवा वहिनींनी काढून घेतला. प्रेशर कुकर मात्र मी ठेवायला लावला, कारण तेवढ्या उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं आणि उघड्या पातेल्यात भात शिजत नाही. खाण्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीत पाणीच नाही, त्यामुळं हलकी, महिनाभर टिकते आणि शेगडी पेटवायला लागत नाही. परदेशी कंपन्या वाळवलेलं अन्न पाकिटात घालून विकतात, आमच्या आयाबाया ते कधीपासून फडक्यात बांधून देतात. वहिनींनी चार सोलापुरी चादरी दिल्या. त्या चांगल्याच जड असतात, पण तिथं मी काही बोललो नाही.

निघायच्या दिवशी चौघं बसून, टाकी भरून, काट्यावर २२१० आले. पोरं लेहला जाऊन जुलैत सुखरूप परत आली. मधे एकदा फोन आला होता, डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग अडखळतंय आणि वळताना गाडी कुथतेय म्हणून. फोर हाय, म्हणजे चारही चाकं ओढतात तो गिअर, लावूनच कोरड्या डांबरावरून दीडशे किलोमीटर आले होते. टू व्हीलवर टाका म्हटलं, झालं.

आपल्या पुरवणीत पुढचा असा लेख येईल तेव्हा प्रत्येक वस्तूच्या किमतीशेजारी तिचं वजन छापावं, एवढी विनंती आहे. जागा फार लागणार नाही. आणि सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, कुठलाही वाचक अशी गाडी घेऊन निघणार असेल तर रविवारी सकाळी आठ ते दहा माझा काटा रिकामा असतो. खासगी गाडीचे पैसे घेणार नाही. फक्त येताना टाकी भरून, पाणी भरून, बरोबर येणारे सगळे बसवून यावं, आणि गाडीचं पुस्तक पिशवीतून बाहेर काढून आणावं.

आपला,
एक वजनकाटेवाला,
हैदराबाद रस्ता, सोलापूर